घाट सोपा करणारा माणूस

वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो. १९८६ च्या डिसेंबरात आम्ही तीन मित्र पुण्याहून सायकलने महाबळेश्वरला निघालो होतो. सायकली काळ्या, बावीस इंची, घरातल्या मोठ्यांकडून मागून आणलेल्या. सामानासाठी माझ्या आईने वडिलांच्या जुन्या खाकी पँटची पिशवी करून दिली होती. पँटच्या दोन्ही पायांची तोंडे तिने खालून शिवून टाकली आणि कमरेत नाडी ओवली. ती पँट कॅरिअरवर आडवी टाकून आवळली, की दोन्ही बाजूंना दोन लांबट थैल्या लोंबत. एकीत कपडे आणि चादर. दुसरीत दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, पाने आणि पंक्चरचे सामान. कापड स्पोकमध्ये जाऊ नये म्हणून आतून वह्यांचे पुठ्ठे लावले होते.

घाट सुरू झाल्यावर माझे दोघे मित्र शहाण्यासारखे खाली उतरले आणि सायकली ढकलू लागले. मी उतरलो नाही. एवढ्या ओझ्यासकट पेडलवर उभा राहून, नागमोडी चालवत, दात-ओठ खात मी वर गेलो. पाचगणीत पोचलो तेव्हा छाती फुगली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उजवा गुडघा वाकेना. महाबळेश्वर वीस किलोमीटरवर असताना मला सायकल एस.टी.च्या टपावर चढवून घरी परतावे लागले. उतरून चाललेल्या दोघांनी महाबळेश्वर पाहिले.

आता वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तोच प्रवास पुरा करायचे मुलीने मनावर घेतले आहे. तिने माझ्या सायकलला पुढे लहान दातेरी चक्र आणि मागे मोठे चक्र बसवून आणले, म्हणजे चढावर पाय हलके पडतील. ते पाहून मी खट्टू झालो, हे कबूल करतो. इतके हलके गिअर म्हणजे म्हातारपणाची काठी, असे मला वाटले. त्या सायकलला आठ दिवस मी हातही लावला नाही. त्याच आठवड्यात एका फ्रेंच माणसाचे चरित्र वाचनात आले. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, तिच्यासाठी हा माणूस चाळीस वर्षे भांडला होता.

पॉल द विवी हे त्यांचे नाव. फ्रान्समधले सायकलवाले मात्र त्यांना ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावानेच ओळखतात. जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी, दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतातल्या पेर्न या लहान गावातला. तरुणपणी ते रेशमाच्या व्यापारात शिरले आणि सेंत-एत्येन या शहरात स्थिरावले. ल्योंपासून पन्नास-साठ किलोमीटरवरचे हे शहर म्हणजे कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फिती विणणारे माग. तिशीच्या आतच विवींचा स्वतःचा धंदा उभा राहिला होता. सुखवस्तू व्यापारी म्हणून आयुष्य सरळ रेषेत जायचे, पण १८८१ साली त्यांनी सायकल घेतली.

ती आजच्यासारखी सायकल नव्हती. पुढचे चाक छातीएवढे उंच, मागचे वीतभर. चेन नाही, पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे हवे, म्हणून स्वार माळ्यावर बसल्यासारखा उंच बसे आणि रस्त्यात धोंडा आला की तोंडावर आपटे. अशा सायकलवर सहा तासांत शंभर किलोमीटर जाण्याची पैज एका मित्राने लावली आणि विवी डोंगरातल्या ला शेझ-द्यू या गावाच्या दिशेने निघाले. त्या प्रवासाने त्यांना वेड लावले. डोंगरातली हवा, दऱ्या, खेडी, आणि आपल्याच पायांनी आपण इथवर आलो ही भावना. रेशमाच्या हिशेबाच्या वह्यांत त्यांचे मन पुन्हा रमले नाही.

रेशमाच्या कामानिमित्त इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीशी त्यांचा संबंध आला. या दोन शहरांचे नशीबही जुळे होते. कोव्हेंट्रीही एके काळी रेशमी फितींचे शहर. १८६० साली फ्रान्सशी व्यापार करार झाला, फ्रेंच फिती बिनजकातीच्या येऊ लागल्या आणि तिथले माग बसले. पुढे त्याच शहराने शिवणयंत्रे आणि मग सायकली करायला घेतल्या. तिथे जे चालले होते ते पाहून विवींनी १८८७ साली धंदा विकला, सेंत-एत्येनमध्ये इंग्लिश सायकलींचे दुकान काढले आणि त्याच वर्षी मासिकही सुरू केले. हेच मासिक पुढे ‘ल सिक्लिस्त’, म्हणजे ‘सायकलस्वार’, या नावाने ओळखले गेले. चौतीस वर्षांचा संसारी व्यापारी चालता धंदा मोडून दुकान आणि मासिक काढतो, तेव्हा नातेवाईक काय म्हणाले असतील, हे आपल्याकडच्या कुठल्याही घरात सांगायला नको.

१८८९ साली त्यांनी स्वतःची सायकल बाजारात आणली. तिचे नाव ‘ला गोलवाझ’. आता दोन्ही चाके सारखी, मध्ये चेन, मागच्या चाकाला गती देणारी. पण गती एकच. सेंत-एत्येनमधून दक्षिणेकडे निघाले की लगेच चढ लागतो आणि ११६१ मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत नेतो. कोल द ला रेप्युब्लिक हे या खिंडीचे नाव. शहर पाच-साडेपाचशे मीटरवर, म्हणजे चढ सहाशे मीटरच्या आसपास. नकाशात पाहिले तेव्हा मला गंमत वाटली: वाईपासून पाचगणीपर्यंतचा चढही साधारण तेवढाच.

असे सांगतात, की एकदा या घाटात विवी घाम गाळत चालले असताना त्यांच्याच मासिकाचा एक वाचक पाइप ओढत आरामात त्यांच्या पुढे निघून गेला. त्याच्या सायकलची गती कमी होती, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक थोडे फिरायचे. सपाटीवर तो मागे पडला असता. घाटात मात्र राजा होता. दुसरा कोणी असता तर चडफडला असता. विवींनी विचार केला, की सपाटीवरची सायकल आणि घाटातली सायकल एकाच सायकलमध्ये का असू नये?

इथे थोडे गणित सांगतो. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या चक्राला २२ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते आणि सायकल सुमारे सव्वाचार मीटर पुढे जाते. पुढे २२ आणि मागे ३३ दाते असतील, तर त्याच फेऱ्यात ती एक मीटर चाळीस सेंटिमीटरच सरकते. पण पायावरचा जोरही एक तृतीयांशच लागतो. घाट तेवढाच राहतो, काम तेवढेच राहते. फक्त एक मोठा घास तोडून त्याचे तीन लहान घास केलेले असतात. आपण लहान मुलाला पोळी कुस्करून देतो, तसेच हे.

पण हे साधायचे कसे? विवींनी आधी दोन वेगवेगळ्या आकारांची चक्रे पुढे बसवली आणि घाटाच्या पायथ्याशी खाली उतरून चेन हाताने एकावरून दुसऱ्यावर टाकायला सुरुवात केली. हात काळे व्हायचे, पण घाट चढून व्हायचा. त्यानंतर जे जे निघाले, ते ते त्यांनी करून पाहिले: चाकाच्या तुंब्यात दडवलेले गिअर, चेनऐवजी दांडा, नाना तऱ्हेचे ब्रेक, लहान व्यासाची चाके, जाडजूड टायर. चालता चालता चेन एका चक्रावरून ढकलून दुसऱ्यावर नेणारी युक्ती त्यांना सर्वांत भावली. तीच आजच्या गिअरच्या सायकलीतली डिरेल्युअर नावाची कळ. ती त्यांनी एकट्यानेच शोधली असे कोणी म्हणू नये. अनेक कारागिरांचे हात तिला लागले. पण तिच्यासाठी रस्त्यावर आणि कागदावर इतकी वर्षे लढणारा त्यांच्यासारखा दुसरा झाला नाही. त्यांच्याच शहरातल्या, त्यांच्याच शिष्यपरिवारातल्या जोआनी पानेलने पुढे केलेल्या अशा कळीचे नाव होते ‘शेमिनो’, म्हणजे भटक्या वाटसरू.

विवी दुकानदार होते, तरी दुकानदाराचे गुपित त्यांनी ठेवले नाही. कुठले चक्र झिजले, कुठली चेन तुटली, कुठल्या टायरवर पाठ कमी दुखली, हे ते आपल्या मासिकात छापून टाकत. बंद खोलीतल्या चाचणीवर त्यांचा भरवसा नव्हता. शनिवारी रात्री निघायचे, रात्रभर चालवायचे, उजाडताना प्रोव्हान्समधली ऑलिव्हची झाडे दिसायची, आणि पुन्हा चढ चढून घरी. दरवर्षी ईस्टरला जन्मप्रांताकडे जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. साठी उलटल्यावरही ते तरुणांना घेऊन रात्रीचे लांब पल्ले मारत. त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींना लोक सेंत-एत्येनचे घराणे म्हणू लागले, आपल्याकडे गाण्यात म्हणतात तसे.

त्यांना विरोध झाला तो मोठ्या माणसाकडून. आँरी देग्रांज हे स्वतः नामांकित सायकलपटू. १८९३ साली तासाभरात ३५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून त्यांनी पहिला अधिकृत विक्रम केला होता. पुढे ते पॅरिसच्या एका क्रीडा दैनिकाचे संपादक झाले आणि १९०३ साली त्यांनीच ‘टूर दी फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. सायकल ही मर्दांच्या स्नायूंची परीक्षा आहे, तिच्यात यंत्राची मदत कसली, असे त्यांचे मत. १९०२ साली फ्रान्सच्या प्रवासी सायकलस्वारांच्या क्लबने पिरेनीज पर्वतात प्रवासी सायकलींची चाचणी ठेवली. तिच्यात २११५ मीटर उंचीची तूरमालेची खिंड होती. मार्त एस ही तरुण स्त्री तीन गिअरची ‘गोलवाझ’ घेऊन त्यात उतरली आणि तूरमाले चढून गेली. त्या काळी स्त्रीने सायकलवर बसावे की नाही, यावरच वाद होता. चाचणीचे निष्कर्ष पाहूनही देग्रांज यांनी टोला मारलाच: असले गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत, आम्हा मंडळींना एकच पक्के चक्र पुरे.

हे वाचताना मी चपापलो. मुलीने आणलेल्या त्या लहान चक्राकडे पाहून माझ्या मनात जे आले होते, ते शब्द शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये छापून गेले होते तर!

देग्रांज यांच्या बाजूनेही सांगायला हवे. त्या काळचे गिअर जड होते, कुरकुरत होते, चिखलात अडकत होते. शर्यतीत सगळ्यांना सारखे साधन हवे, हा आग्रहही गैर नव्हता. चूक एवढीच, की शर्यतीचा नियम त्यांनी साऱ्या सायकलविश्वाचा धर्म केला. विवींचा वाद शर्यतवाल्यांच्या ताकदीशी नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे वेगळा माणूस होता: आठवडाभर दुकानात किंवा कारखान्यात राबणारा, रविवारी बायकोला बरोबर घेऊन निघणारा, कॅरिअरवर जेवणाचा डबा आणि कोट बांधलेला. त्याला कोणाला हरवायचे नाही. त्याला खिंडीपलीकडचे गाव पाहायचे आहे आणि सोमवारी सकाळी धडधाकट कामावर जायचे आहे. या माणसाच्या प्रवासाला फ्रेंचमध्ये ‘सिक्लोतुरिझ्म’ म्हणतात. तो शब्द रूढ करण्याचे श्रेय विवींनाच दिले जाते.

या माणसासाठी त्यांनी सात नियम घालून दिले. ते फ्रेंच सायकलस्वारांना आजही पाठ असतात. त्यांचा आशय असा: मध्ये मध्ये थोडेच थांबावे आणि लय मोडू देऊ नये. भूक लागण्याआधी थोडे थोडे खावे, तहान लागण्याआधी प्यावे. जेवण जाणार नाही आणि झोप येणार नाही इतके स्वतःला दमवू नये. थंडी वाजण्याआधी अंगावर घालावे, उकडण्याआधी काढावे. ऊन, वारा, पाऊस अंगावर घ्यायला भिऊ नये. निदान प्रवासात तरी दारू, मांस आणि तंबाखू वर्ज्य करावी. ते स्वतः शाकाहारी होते. आपल्या कुवतीबाहेर जोर करू नये, विशेषतः पहिल्या काही तासांत. आणि शेवटचा नियम, की बढाईपोटी पेडल मारू नये.

हा सातवा नियम वाचला आणि माझा गुडघा मला आठवला. आईने पँटच्या पायांत वह्यांचे पुठ्ठे घालून दिले होते, लाडू दिले होते. तिने करायचे ते सगळे केले होते. बिघडले ते एवढ्याने, की मला मित्रांपुढे उतरायचे नव्हते.

आता तर सायकलवर बिऱ्हाड बांधून दूर जाण्याचा छंद जगभर वाढला आहे. बाइकपॅकिंग म्हणतात त्याला. फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी पिशवी, सीटखाली निमुळती थैली, हँडलला आडवी वळकटी, अशी सामानाची मांडणी असते. पुष्कळ जण या पिशव्या घरी शिवतात. ताडपत्रीचे किंवा तंबूचे कापड, जाड दोरा, पट्ट्या, आणि फ्रेमवर वर्तमानपत्र धरून कापलेला नमुना. फ्रेमच्या त्रिकोणातली पिशवी विवींच्या काळातल्या सायकलस्वारांनाही ठाऊक होती. सायकलीही त्यांच्याच वाटेने गेल्या आहेत: टायर जाड आणि मऊ, आणि सर्वांत खालचा गिअर इतका हलका की सामानासकट माणूस घाटात बसून राहू शकेल. यातले जे कौतुकाने नवे म्हणून सांगितले जाते, त्यातले बरेचसे सेंत-एत्येनच्या त्या मासिकात पूर्वीच वादाला आलेले होते.

आमच्याकडेही गेल्या महिन्यात शिवणकाम झाले. मुलीने फ्रेमवर वर्तमानपत्र धरून नमुना कापला. जुन्या छत्रीचे कापड आतून आणि जीन्सचे बाहेरून लावून आम्ही त्रिकोणी पिशवी शिवली. आईचे शिवणयंत्र अजून चालते. पहिली पिशवी मांड्यांना घासू लागली, म्हणून उसवून दोन बोटे अरुंद केली. चूक करावी, रस्त्यावर नेऊन पाहावी, परत येऊन उसवावी, ही विवींचीच रीत.

विवींना आपली बाजू खरी ठरलेली पाहायला मिळाली का? अर्धीच. १९२२ साली त्यांच्या चाहत्यांनी त्यांच्या नावाने कोल द ला रेप्युब्लिकचा घाट चढण्याचा वार्षिक दिवस सुरू केला. तेव्हा ते हयात होते.  त्यात लहान मुले आणि म्हातारी माणसे आपापल्या चालीने शहरातून खिंडीकडे निघत, आणि पुढची कित्येक दशके ही प्रथा चालू राहिली. माणूस जिवंत असताना त्याच्या नावाने असा दिवस साजरा व्हावा, हे भाग्य थोड्यांचे. पण ‘टूर दी फ्रान्स’मध्ये मात्र डिरेल्युअरला बंदी होती. शर्यतवाले घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचे चाक काढून उलटे बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर चेन टाकायचे.

फेब्रुवारी १९३० च्या अखेरीस सेंत-एत्येनच्या रस्त्यावर विवी सायकल हातात धरून चालले होते. वय शहात्तर. गर्दीत ट्रामचा धक्का लागला आणि त्यात त्यांचा अंत झाला. आयुष्यभर डोंगरांतल्या अंधाऱ्या रस्त्यांवर रात्री काढणारा माणूस स्वतःच्या गावात, पायी चालताना गेला.

त्यानंतर सात वर्षांनी, १९३७ साली, ‘टूर दी फ्रान्स’ने डिरेल्युअरला परवानगी दिली. देग्रांज यांनी आदल्याच वर्षी शर्यतीची सूत्रे दुसऱ्याच्या हाती दिली होती. १९३७ ची शर्यत रोजे लापेबी याने जिंकली, गिअरच्या सायकलवर. त्यानंतर कोणी त्या शर्यतीला मर्दानगी कमी झाली असे म्हटले नाही. उलट घाट हेच तिचे वैभव ठरले.

विवींच्या आयुष्याचा हिशेब मी माझ्यापुरता असा मांडतो. रेशमाचा धंदा त्यांनी चालवला असता तर सेंत-एत्येनच्या शेकडो व्यापाऱ्यांसारखे तेही विस्मरणात गेले असते. शर्यतवाल्यांचे ऐकून एका चक्रावर समाधान मानले असते तर दुकानही अधिक शांतपणे चालले असते. त्यांनी अडाण्यासारखा हट्ट केला तो एका साध्या गोष्टीसाठी: सायकलने माणसाच्या मापाचे व्हावे, माणसाने सायकलच्या मापाचे होऊ नये. त्या हट्टाचा फायदा शर्यत जिंकणाऱ्यांना झालाच. त्याहून अधिक तो गुडघे दुखणाऱ्यांना, बायकांना, मुलांना आणि पाठीशी संसार बांधून निघणाऱ्यांना झाला.

येत्या डिसेंबरात आम्ही बापलेक निघणार आहोत. पहिला मुक्काम वाईला, दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट. त्रिकोणी पिशवीत पंप, पंक्चरचे सामान आणि शेंगदाण्याचे लाडू बसतात का ते पाहून ठेवले आहे; बसतात. परवा सकाळी त्या सायकलवर बसून घराजवळचा चढ चढून पाहिला. पाय भराभर फिरत होते, सायकल मुंगीच्या पावलांनी चालली होती. एक शाळकरी मुलगा एका चक्राच्या सायकलवर उभा राहून, धापा टाकत माझ्या पुढे गेला आणि वळून हसला. मी जागचा हललो नाही. वळणापर्यंत पोचलो तेव्हा तो उतरून सायकल ढकलत होता. मी थांबलो आणि त्याला पाण्याची बाटली दिली.